पक्का काळा

शेलूबाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. बाई साडी घेऊन येते, आम्ही तिला त्या साडीला जुळणारा ब्लाउजपीस कापून देतो, इतकाच धंदा. या इतक्याशा धंद्यावर आमच्या घराच्या तीन पिढ्या जेवल्या, आणि जैन असल्यामुळे रोज सूर्य मावळायच्या आत जेवल्या.

धंदा इतकासा असला तरी त्यातला रुबाब मोठा होता आणि तो सगळा बाबांचा होता. दुकानाच्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आहेत आणि फळ्यांवर कापडाची थानं. नुसत्या गुलाबीच्याच वीस-बावीस छटा. बाबा साडीच्या काठाकडे एकदा बघत, मागे न वळता हात वर टाकत आणि हाताला जे थान लागे ते जुळे. बायका तोंडात बोट घालत. लोक लग्नाचा बस्ता वाशिमला फाडायचे, अकोल्याला फाडायचे, पण ब्लाउजपीस घ्यायला इंझोरीपासूनच्या बायका आमच्याकडे उतरायच्या. बाबांची नजर हेच आमचं दुकान. बाकी फळ्या काय, कोणीही ठोकून घेतं.

बाबांचा एक नियम होता. कापायच्या आधी साडी आणि थान दोन्ही दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात बघायची. गिऱ्हाइकाला घाई असली तरी बघायची, एसटी सुटत असली तरी बघायची. "ट्यूबलाइटच्या भरवशावर रंग घ्याचा नाई," असं ते प्रत्येकीला सांगत. लहानपणी मला वाटायचं की जगातल्या सगळ्याच वस्तू घेण्याआधी उन्हात नेतात. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी पहिला मोबाइल घ्यायला गेले, तेव्हा तो हातात घेऊन सरळ दुकानाबाहेर निघाले. दारावरच्या गार्डनं मला धरलं. मी त्याला आमचा नियम समजावून सांगितला, तरी त्यानं हात सोडला नाही.

पुण्यातली ती नोकरी मी आता घरून करते, दुकानाच्या वरच्या माळ्यावरच्या खोलीतून. दिवसभर स्क्रीनवर तक्ते, रकाने आणि बारीक अक्षरं. हा झाला रोजचा वापर. आणि संध्याकाळी पाच ते सहा, जेवणाआधी, मी गेम खेळते. तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली मुलगी बंदुकीचा गेम खेळते ही गोष्ट आमच्या नातेवाइकांना हातातला चहा खाली ठेवावा इतकी मोठी वाटते. घरात मुंगी मारायची नाही, आणि मी रोज जेवणाआधी वीस-पंचवीस माणसं मारून खाली उतरते. आईनं एकदा मागे उभं राहून तासभर पाहिलं. मग म्हणाली, "चातुर्मासात तरी गाडीवाला खेळ लावत जाय." तेव्हापासून चातुर्मासात मी गाड्या चालवते. इतर आठ महिने मोकळे आहेत.

माझा जुना मॉनिटर कंपनीनं दिलेला होता. त्याच्यावर काळा रंग म्हणजे चुलीतली राख. गेममधल्या तळघरात अंधार असायला हवा तिथे नुसता धुरकट करडेपणा, आणि त्यात लपलेला शत्रू मला कधीच दिसत नसे. त्याला मात्र मी झकास दिसायचे. तेव्हा मी ठरवलं की ओलेड घ्यायचा.

ओलेड म्हणजे काय हे मी घरात सांगून पाहिलं. साध्या मॉनिटरच्या मागे दिवा सतत जळत असतो आणि काळा रंग दाखवायचा म्हणजे त्या दिव्यावर पडदा ओढायचा, तरी उजेड झिरपतोच. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळा दाखवायचा असेल तिथे ठिपका सरळ विझून जातो. आई म्हणाली, "मंग काळंच पाह्यचं हाय तर बंद ठेव ना." यावर इंटरनेटवरच्या एकाही तज्ज्ञाकडे उत्तर नाही, मी शोधलं.

त्यानंतर चार महिने मी अभ्यास केला. खरं सांगायचं तर आलेल्या एकाही स्थळाची मी इतकी चौकशी केली नव्हती. सत्तावीस इंच की बत्तीस. स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते, आणि ते माझ्या डोळ्यांना कळतं की नुसतं कळल्यासारखं वाटतं. चकचकीत काच की खरखरीत. रोज दिवसभर एकच तक्ता लावून ठेवला तर त्याचा डाग स्क्रीनवर कायमचा राहतो म्हणे, मग मी तो तक्ता लपवायचा की नोकरी सोडायची. दूरदेशीचे लोक काळ्या खोलीत बसून, काळे शर्ट घालून, काळ्या रंगावर चाळीस-चाळीस मिनिटं बोलत होते आणि मी शेलूबाजारात बसून माना डोलावत होते.

शेवटी गाडी दोन जातींवर येऊन अडली. एका जातीत रंग भडक आणि सुंदर, पण खोलीत उजेड आला की काळा रंग जांभळट दिसतो असं काही लोक सांगत. दुसऱ्या जातीत काळा उजेडातही काळाच, पण बारीक अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात असं दुसरे काही लोक सांगत. माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, तेव्हा उजेड तर येणार. आणि कंपनीच्या कृपेनं अक्षरंही येणार. एका जातीचा व्हिडिओ पाहिला की ती पटायची, दुसरीचा पाहिला की दुसरी. मग एक दिवस जेवताना मला साक्षात्कार झाला. जगभरच्या लोकांना काळा रंग कोणता ते विचारत बसले होते आणि ज्याला काळ्या रंगातलं खरंखोटं कळतं तो माणूस माझ्यासमोर बसून वरण कालवत होता.

बाबांना मी विचारलं. त्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "उन्हात दाखवते काय तो?"

अकोल्यात एका दुकानात दोन्ही जाती लावून ठेवलेल्या होत्या. आम्ही जीपनं गेलो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि खिशात काळ्या कापडाचा वीतभर तुकडा घेतला होता, आमच्या दुकानातल्या सगळ्यात पक्क्या काळ्या थानाचा. दुकानात शिरताच त्यांनी मॉनिटरची कड अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिली, जसा कापडाचा पोत बघतात तशी. मग विचारलं, "रंग जाते काय याचा?"

दुकानदार चांगला जाणता माणूस होता. तो म्हणाला, "तीन वर्षांची वारंटी हाय ना काका."

"म्हंजे जाते," बाबा म्हणाले.

चार महिन्यांच्या अभ्यासात डाग पडण्याबद्दल मी जे काही वाचलं होतं ते सगळं यात आलं. मला बाबांचा भयंकर अभिमान वाटला.

मग बाबांनी दोन्ही मॉनिटर पायरीवर न्यायला सांगितले. दुकानदार हसला. मग तो हसायचा थांबला, कारण बाबा आधीच दार उघडून उभे होते. वीस मिनिटं हो-नाही झालं. दुकानदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं की आजवर हजार गिऱ्हाइकं पाहिली पण हे कोणी मागितलं नाही. मी त्याला म्हणाले, घ्यायचा असेल तर असाच घेऊ. शेवटी लांब वायरीचा बोर्ड आला, दोन माणसांनी दोन स्टुलं धरली आणि अकोल्याच्या भर रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, दोन ओलेड मॉनिटर काळी स्क्रीन लावून शेजारी शेजारी उभे राहिले. रसवंतीवाला यंत्र थांबवून बघायला आला.

बाबा वाकले. कपाळावर हात धरून त्यांनी डावा पाहिला, उजवा पाहिला, खिशातला तुकडा काढून आधी याला लावला, मग त्याला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. उजवा काळा होता. थोडा मळकट, पण काळा. डावा मात्र चक्क वांगी होता. वांगं आमच्या घरात शिजत नाही, पण कापडात आम्ही तो रंग विकतो आणि मला तो चांगला माहीत आहे.

बाबांनी बराच वेळ घेतला. मग डाव्यावर बोट ठेवलं.

"हा. पक्का काळा."

मी पुन्हा पाहिलं. वांगीच. पण मी गप्प बसले. ज्या माणसानं आयुष्यभर न बघता थानं ओढली त्यानं काळा म्हटल्यावर तो काळा. माझ्या डोळ्यांचं काय, त्यांना तर तळघरातला शत्रूही दिसत नव्हता. मी पैसे दिले आणि वांगी मॉनिटर मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले.

आता इथे जी गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती ती सांगून टाकते, नाहीतर वाचणारा मला शहाणी समजेल. गेली दोन वर्षं बाबा मागे हात टाकून थान ओढत नव्हते. ते वळून, थान डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. साधी पांढरी साडी असली तरी पायरीवर एकदा नाही, दोनदा नेत होते. मला वाटायचं, वय झालं तसे हट्टी होत चालले. ते हट्टी झाले नव्हते. सातासमुद्रापलीकडचा माणूस दोन काळ्यांमधला फरक सांगत होता तो मला कळत होता, आणि खालच्या मजल्यावर माझे बाबा काय करत होते ते कळत नव्हतं.

घरी मॉनिटर लावला. सकाळी सुंदर. तळघर असं काळंकुट्ट की मीच घाबरले, आणि पहिल्याच दिवशी मला शत्रू दिसला. अक्षरांची कड थोडी रंगीत दिसायची, तिची सवय झाली. पण रोज दुपारी चारला पश्चिमेची खिडकी उजळली की काळा रंग वांगी व्हायचा. मी पडदा ओढून पाहिला, टेबल फिरवून पाहिलं. मग मी काय केलं असेल? कोणत्याही शहाण्या माणसानं मॉनिटर बदलून आणला असता, दहा दिवसांची मुदत होती. मी वाशिमला जाऊन माझे डोळे तपासून घेतले. कारण बाबा तर चुकू शकत नव्हते.

सोबतीला बाबाच होते. डॉक्टरीणबाईंनी मला ठिपक्यांची पुस्तकं दाखवली, दिवे दाखवले, अक्षरं वाचायला लावली. म्हणाल्या, "तुमचे डोळे उत्तम आहेत. तक्रार नक्की काय आहे?" मी आवाज खाली आणून सांगितलं की मला काळा रंग वांगी दिसतो आणि माझ्या वडिलांना तो काळा दिसतो, आणि वडिलांचा मॅचिंगचा धंदा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं.

"काका, तुम्ही या जरा इकडे."

बाबांना खुर्चीत बसायला आवडलं नाही, पण बसले. बाईंनी यंत्रातून पाहिलं आणि मग टेबलावरून एक रंगीत पट्टी उचलून त्यांच्यासमोर धरली. "हा कोणता?"

"काळा," बाबा ताबडतोब म्हणाले.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा लपवायची कला मला कधीच आली नाही, म्हणून तर माझी दोन स्थळं गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो चांगला पिकला होता. बाईंनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, आणि मग निळा-जांभळा रंग सगळ्यात आधी जातो. नेव्ही काळा दिसतो, जांभळा चॉकलेटी दिसतो. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. "दोन वर्षं तरी झाली असावीत," त्या म्हणाल्या.

परतताना बाबा जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. शेलूबाजार जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तो पट्टीवरचा काळा नव्हता?"

"नेव्ही होता, बाबा."

थोड्या वेळानं म्हणाले, "दुकानात तर एक बी पीस परत आला नाई." आणि मग, "आपरेशन कवा म्हन्ते ते बाई?"

त्यांनी वाद घातला असता, डॉक्टरला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते इतक्या लवकर कबूल झाले याचंच मला वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी आईला एका कोपऱ्यात गाठून सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती काउंटरमागे घडी करायला बसते. बाबा कापतात आणि तिच्याकडे टाकतात, ती घडी करून पिशवीत घालते आणि गिऱ्हाइकाला देते, हे मी जन्मापासून बघत आले. तिनं काउंटरखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली. आत कापलेले ब्लाउजपीस होते, चॉकलेटी, नेव्ही, काळे, बॉटल ग्रीन, नीट घड्या घातलेले.

"हे त्यायनं कापलेले," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाले मी आतल्या थानातून दुसरा कापून देते. पिशवी आनाले म्हनून आत जाते ना."

"किती दिवसांपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आणि बायका काही बोलत नाहीत?"

"बायायले समजते. थांबतेत जराशा. त्यायच्या घरी बी मानसं म्हातारे होतेत."

मग मला पिशव्या आठवल्या. गेली दोन वर्षं आमच्या दुकानात प्लास्टिकची पिशवी मिळत नाही. आई कापडी पिशव्या शिवते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट देते. प्लास्टिकबंदी अख्ख्या जिल्ह्यात एकट्या आमच्या आईनं मनावर घेतली आहे, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि लोक हसायचे. पेटी भरली की आई शिवायला बसत होती. बायका बरोबर रंगाचा पीस चुकीच्या रंगाच्या पिशवीत घालून घरी नेत होत्या. सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते बाबांना, आणि मला, जिचे डोळे उत्तम आहेत.

मला स्वतःची लाज वाटली. ती लपवायला मी आईवरच घसरले. तिच्या अंगावर जांभळी साडी होती, आणि त्यावर चॉकलेटी ब्लाउज. गेलं वर्षभर मी तिला त्यावरून टोमणे मारत होते. मॅचिंग सेंटरची मालकीण आणि अंगात हे, लोक काय म्हणतील, तुला काही दिसतं की नाही. आणि हे मी तिलाच विचारत होते. "मग हे कशाला घालतेस?" मी म्हणाले. "हे का नाही बदललं?"

"हे त्यायनं माह्यासाठी काढलं होतं," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाले चुकीचं देऊन चालत नाई. मले चालते."

पेटी तिनं पायानं आत सारली आणि मला बजावलं की यातलं अक्षर बाबांच्या कानावर जायला नको.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. मधल्या काळात बाबा काळा चष्मा लावून दुकानात बसत आणि कात्रीला हात लावत नसत. आई कापायची. बाबा लोकांना सांगायचे, डॉक्टरनं मनाई केली हाय. मॉनिटरची मुदत केव्हाच संपली होती. मी गेम खेळत होते, दुपारी चारनंतर वांगी तळघरात वांगी शत्रू मारत होते आणि आता तर मला त्याची सवय झाली होती.

चष्मा निघाला त्या दिवशी बाबा घरभर फिरले. भिंतीचा रंग बघितला, देव्हारा बघितला, स्वतःचा सदरा बघितला आणि तो पांढरा आहे याचं त्यांना फार नवल वाटलं. चारच्या सुमाराला जिना चढून ते माझ्या खोलीत आले. मी तक्ता बंद करून ठेवला होता, म्हणजे डाग पडू नये म्हणून स्क्रीन पूर्ण काळी केली होती. खिडकीतून ऊन आत आलेलं.

बाबा दारातच थांबले. "हा कोन्ता?"

"मॉनिटर, बाबा. आपण अकोल्याहून आणला तो."

"नोहे." ते जवळ आले, डोकं तिरकं करून पाहिलं. "आपन पाह्यला तो काळा होता. हा तर वांगी हाय."



"त्या अकोल्यावाल्यानं बदलून देला. पायरीवर एक दाखवला अन् डब्यात दुसरा भरला." मला वाटतं, हे बोलताना त्यांना बरंच वाटत होतं. रंगही दिसत होता आणि चोरही सापडला होता. "तुले समजलं नाई? तू तर डोळे तपासून आली होती."

"दिला असेल बदलून," मी म्हणाले. त्या बिचाऱ्या दुकानदारानं आमच्यासाठी भर रस्त्यात स्टुलं मांडली होती, आणि मी त्याला एका वाक्यात चोर ठरवलं. आईचं व्रत मी इतक्या सहज घेतलं.

"उद्या सकाळीच अकोल्याले जाऊ. सोडत नाई त्याले," म्हणत बाबा जिना उतरले. आता खरोखर अकोल्याला जावं लागणार या भीतीनं मी मागोमाग उतरले.

आई पायरीवर बसली होती. बाजाराचा दिवस होता, पण त्या घटकेला गिऱ्हाईक नव्हतं, आणि ती रस्त्याकडे बघत पिशवीचे बंद शिवत होती. अंगावर जांभळी साडी, चॉकलेटी ब्लाउज, आणि सगळ्यावर चारचं लख्ख ऊन. बाबा तिला अकोल्याचं सांगायला तोंड उघडतच होते. ते दारात थांबले. आयुष्यभर त्यांनी याच पायरीवर, याच उन्हात रंग पाहिले होते.

"हे ब्लाउज कोनं देलं तुले?"

मला वाटलं, आई माझ्यासारखंच काहीतरी ठोकून देईल. पण तिनं सुई थांबवली, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाली, "तुमीच." दोन वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं म्हणून ती बोलली नव्हती. आता विचारलं, तर तिनं सांगितलं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग दाराशेजारच्या खिळ्याला आईनं नुकत्याच शिवलेल्या पिशव्या टांगल्या होत्या तिकडे त्यांची नजर गेली. त्यांनी एक काढली आणि उन्हात धरली. चॉकलेटी. दुसरी काढली, नेव्ही. बाबांची कात्री कापताना शेवटी थोडी डावीकडे जाते, ते तिरकं टोक आईनं शिवणीत दाबलं नव्हतं, तसंच ठेवलं होतं. त्या टोकावर त्यांनी अंगठा फिरवला. तिसरी पिशवी त्यांनी काढली नाही.

"इतके?" ते म्हणाले.

आई पुन्हा शिवायला लागली होती. "कापड वाया नाई गेलं," ती म्हणाली.

बाबा माझ्याकडे वळले. "अकोल्यावाल्यानं बदलला नाई ना?"

"नाही."

"तुले तवा कसा दिसत होता?"

"वांगी."

"मंग काहून नाई बोलली?"

 मी खरं तेच सांगितलं. "तुमी काळा म्हणाले म्हणून."

बाबांचे नवे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं, पण ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, चपला घातल्या आणि चॉकलेटी पिशवी हातात घेतली.

"कुठं चालले?" आईनं विचारलं.

"बाजारात. काय आनू?"

"दोडके आना. अन् काकड्या."

मी पायरीवर उभी राहून बघत होते. भरबाजारातून बाबा चालले होते, ज्यांनी आजवर कधी हातात पिशवी धरली नव्हती, आणि त्या उन्हात ती पिशवी लांबूनही दिसत होती. चहाच्या टपरीवरच्या माणसानं त्यांना हटकलं. "शेठ, डोळे झाले ना मस्त? अन् पिशवी झकास हाय, कुठून आनली?"

बाबांनी पिशवी थोडी वर उचलून त्याला नीट दाखवली.

"घरची हाय," ते म्हणाले. "मीच कापली."